ङ

आमच्या बिगरीच्या तक्त्यात
क कमळातला, ख खटाऱ्यातला, ग गवतातला, घ घरातला
आणि पुढं एक रिकामा चौकोन.
ङ ला चित्र नव्हतं.
बाई छडी तिथून उचलून थेट च वर टेकवायच्या,
डबक्यावरनं उडी मारावी तशी.

ते चित्र मला लुंगतोक मास्तरांनी दिलं,
उद्यमनगरात, आबांच्या पॅटर्नच्या शेडमध्ये.
थंडीची सुट्टी लागली की बायकोबरोबर
दसरा चौकात स्वेटरांचा ढीग लावून बसणारा माणूस.
एरवी मुंडगोडच्या वसाहतीत शाळामास्तर.
सागवानाची तीस अक्षरं हवी होती त्यांना,
पोरांच्या मुठीत मावतील एवढी.

आबांनी जन्मभर पंपांचे नि चरकांचे साचे केलेले.
कानावरची पेन्सिल काढत म्हणाले,
“सुलटी का उलटी?”

मास्तर भुशाकडं बघत राहिले.
मग त्यांच्या तुटक हिंदीत:
आमच्या गावी उलटी होती.
मठाच्या छापखान्यात, फळीवर फळी, छतापर्यंत.
बाप शाई लावायचा, मी कागद दाबायचो.
मग शिपाई आले. ओढ्यावर खेचरांना वाट हवी होती,
त्यांनी फळ्या अंथरल्या.
पळालो त्या रात्री मीही त्यांच्यावरनंच गेलो.
अंधार होता,
पण पायाला वाचता येत होतं.

“पोरांना सुलटी द्या,” म्हणाले.

आबांची पटाशी चालू असताना
मी भुशात बसून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायची.
चाकातला च, जाळ्यातला ज
मला पहिल्या झटक्यात जमले,
तर खूश होऊन त्यांनी मला लाल कानटोपी दिली, फुकट.
दिल्लीत कुणाला हे येत नाही, म्हणाले.
तुमचा अ पहिला, आमचा अ सगळ्यात शेवटी,
एवढाच काय तो फरक.
मग ङ आला. आपल्यासारखाच,
फक्त बाजूचा टिंब गळून पडलेला.

“याचा शब्द?” मी विचारलं.
“हाच शब्द.”
“अर्थ काय?”
त्यांनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.
“ङ. मी.”

पुढच्या वर्षी आले ते ङ हरवला म्हणून.
त्याच्या पुढच्या वर्षीही.
एका साली तर तीन ङ लागले.
आबा वैतागले, “खातात काय ओ पोरं?”
मास्तर हसले.
खात नाहीत, खिशात घालतात.
शाळा संपली की एक जातो बंगळूरला,
एक टोरोंटोला, एक फौजेत,
जाताना पेटीतनं हाच तेवढा उचलतो.
मी पाठ करून उभा राहतो, दिसू नये म्हणून.

त्यांची स्वतःची पहिली शाळा
चंब्याकडच्या रस्त्यावर, खडीच्या ढिगाआड.
जेवायच्या सुट्टीत दगडावर कोळसा.
संध्याकाळी तोच दगड फोडायचा.
हे त्यांनी एकदाच सांगितलं,
गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे मोजता मोजता.

आता आबा नाहीत. शेडमध्ये सीएनसी आहे, ती मी चालवते.
मास्तरांची नात क्यूआर कोड लटकवून बसते,
टोरोंटोवाले फोनवरच अक्षरं टाइप करतात.
वसाहतीतल्या शाळेत यंदा बारा पोरं.
तरी मास्तर काठी टेकत आले,
“एक ङ.”

मी ॲल्युमिनियममध्ये काढून दिला. सात मिनिटं.
त्यांनी अंगठा फिरवला.
“धार आहे. लागेल पोरांना.”
माझ्याकडनं पॉलिशपेपरचा तुकडा मागून घेतला.

परवा तिकडून गाडी काढली
तर ढिगामागं बसून अजून घासतच होते,
मांडी चंदेरी झालेली.
समोर एक बाई हाफ स्वेटर उलटा करून शिवण बघत होती.
“मास्तर, हा केवढ्याला?”
त्यांना ऐकूच गेलं नाही.